जुनी कॅरव्हॅन घेताना इंजिन सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लक्षात येईल. तुम्ही दोघं बोरिवलीत राहता, नुकतेच निवृत्त झालात, वहिनींना गुडघ्यांचा त्रास आहे. २०१४ ची डिझेल ट्रॅव्हलर (फोर्सची मिनीबस), आतून कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर केलेली, कर्नाटक पासिंग, तुम्हाला साडेबारा लाखांना सांगितली आहे. विकणारा म्हणतो इंजिन मक्खन आहे. आधी कोकण-गोवा, मग राजस्थान, तब्येतीने साथ दिली तर हिमाचल असा बेत आहे. शिवाय डोक्यात दुसरा एक पर्याय घोळतोय: पाच-सहा लाखांत एखाद्या टूरवाल्याची जुनी ट्रॅव्हलर घ्यायची आणि आतलं काम आपल्या सुताराकडून करून घ्यायचं.

मी वसईला गाड्यांच्या बॉडी बांधण्याचं काम करतो. पूर्वी मिनीबस आणि रुग्णवाहिका करायचो, अलीकडे कॅरव्हॅनची दुरुस्ती जास्त येते. घ्यायच्या आधी एकदा नजर टाका म्हणून लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. त्या अनुभवावरून सांगतो, इंजिनाने बुडालेला माणूस मी क्वचितच पाहिला. लोक बुडतात ते कागदात, छतात आणि वजनात. ट्रॅव्हलरचं इंजिन गेलं तर ते बांधता येतं, खर्चाचा आकडा आधी कळतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. पण आरसीवर वर्गच चुकीचा असेल, छतातून पाणी उतरून आतला प्लाय कुजला असेल, किंवा गाडी मुळातच चार-पाचशे किलो जड बांधली असेल, तर नंतर कितीही पैसे ओता, दुखणं जात नाही. विकणारा बॉनेट उघडायला फार उत्सुक दिसला की मी म्हणतो, असू दे, आधी आरसी दाखवा.

आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि गाडीचा वर्ग वाचा. तिथे ‘कॅम्पर व्हॅन’ किंवा ‘मोटर कॅरव्हॅन’ असं हवं, खाजगी वापराचं, आणि नंबरची पाटी पांढरी. बऱ्याच गाड्यांवर ‘ओम्नी बस, खाजगी वापर’ असतं, सीट बारा किंवा सतरा, आणि आत बघावं तर एक पलंग, एक सिंक आणि दोन खुर्च्या. म्हणजे बदल झालाय, पण आरटीओला कळवलेलाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. रस्त्यात पोलीस अडवतील ही भीती त्या मानाने लहान. खरी भीती विम्याची. उद्या घाटात गाडी घसरली किंवा आत वायरिंगने पेट घेतला, तर सर्व्हेअर पहिलं काम करतो ते आरसी आणि गाडी जुळते का ते बघण्याचं. मुंबईत ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: राहता येतं, रोज चालतं, आणि नेमक्या अडचणीच्या दिवशी कागद आडवा येतो.

पाटी पिवळी असेल तर ती गाडी व्यवसायाची. फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी, वर परमिट आणि परराज्यातल्या कराची भानगड. दोघांच्या हौसेसाठी ती डोकेदुखी घेऊ नका.

आता कर्नाटक पासिंगबद्दल. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं नाव उतरवायचं, त्याला फॉर्म ३५. इथला कर पुन्हा भरावा लागतो. तिथला उरलेला परत मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या नावाने भरलेला असतो, तेव्हा तुमच्या हातात पडेलच असं धरून चालू नका. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत मोजायचा. माझा नियम साधा आहे. एनओसी काढायचं काम विकणाऱ्याचं, ते हातात आल्याशिवाय टोकनच्या पलीकडे एक रुपया द्यायचा नाही. ‘पैसे द्या, आठ दिवसांत देतो’ म्हणणारे आठ दिवसांनी फोन उचलत नाहीत. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर नंबर टाकून थकलेली ई-चलनं, विम्याची तारीख आणि कर्जाची नोंद तुम्ही स्वतः बघा, दलालाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

वयाचा हिशोबही कागदाचाच भाग. २०१४ ची खाजगी गाडी म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं पूर्ण. मग फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर, आणि पुढे दर पाच वर्षांनी हेच. त्यात अशक्य काही नाही, पण सरकारचा कल जुन्या गाड्यांवरची फी वाढवण्याकडे आहे. तुमच्या बेताला लागून असलेला मुद्दा मात्र दिल्लीचा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरमध्ये हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि त्यानंतरही त्यावर आदेश येत राहिले आहेत. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती तपासा. राजस्थानातले अलवर आणि भरतपूरही एनसीआरमध्ये मोडतात हे अनेकांना ठाऊक नसतं. हिमाचलला जायचंच असेल तर मी बिकानेर-हनुमानगडवरून पंजाबात शिरेन. रस्ता लांबचा, पण डोक्याला ताप नाही.

कागद ठीक निघाले तर गाडी बघायला जा, आणि जाल ते सकाळी. मालकाला आदल्या रात्री खिडक्या-दारं बंद ठेवायला सांगा, आणि दार उघडल्यावर पहिला श्वास तुम्ही घ्या. कुबट वास आला, किंवा उलट उदबत्ती-रूम फ्रेशनरचा भपका आला, तर पाणी कुठून तरी येतंय. कॅरव्हॅनच्या छताला जेवढी भोकं तेवढे शत्रू: एसी, हवा जायची खिडकी, सोलरचे पाय, वायरीची नळी. सीलंट उन्हाने तडकतो, आणि आपल्याकडे चार महिने आभाळ जे ओततं त्यात केसाएवढी फट पुरते. पाणी सरळ खाली टपकत नाही. छताच्या पत्र्याखालून वाहत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात उतरतं, त्यामुळे डाग एकीकडे आणि गळती दुसरीकडे. खिडक्यांच्या खालचे कोपरे, कपाटांची मागची बाजू, बाथरूमच्या उंबऱ्याजवळची जमीन अंगठ्याने दाबा. प्लाय बिस्किटासारखा दबला तर तिथला सगळा भाग काढावा लागणार. पावसाळा नसेल तर गाडी वॉशिंग सेंटरला न्या, दोनशे रुपये जास्त द्या आणि पंधरा-वीस मिनिटं छतावर पाणी सोडायला सांगा. तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा. हे करू न देणाऱ्या मालकाकडची गाडी मी पुढे बघत नाही.

खालून बघताना गंजाचा रंग बघू नका, आवाज ऐका. चेसिसवर आणि पायदानाच्या मागे हातोडी हलकेच मारली तर चांगला पत्रा वाजतो, सडलेला बद्द बोलतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वरचा गंज सगळ्याच गाड्यांना असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर मात्र खुरपून बघा. गाडी उत्तर कर्नाटकातली असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ऑगस्ट २०१९ मध्ये ती कुठे उभी होती? त्या पुरात कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत खूप गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला गाळाची रेघ राहते. डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडले असतील तरी तीच गोष्ट.

वजनाबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. गाडी वजनकाट्यावर न्या. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, तुम्ही दोघं आत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. मर्यादेच्या आत दीड-दोनशे किलो तरी शिल्लक राहायला हवेत, कारण प्रवासाचं सामान अजून भरायचंय. आपल्याकडच्या गाड्या जड का होतात? कारण त्या घरातलं फर्निचर करणाऱ्या सुताराने केलेल्या असतात. १८ मिलिमीटरच्या प्लायचा आठ-बाय-चार फुटांचा एक ताव तीस किलोच्या पुढे जातो. दहा ताव म्हणजे तीनशे किलो, वर सनमायका, वर ग्रॅनाइटचा ओटा (हो, मी पाहिलाय). दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर, आणि अशा दोन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. हे सगळं पलंगाखाली, मागच्या एक्सलच्याही मागे भरलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी पाटे भरून घेतो, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या वाढवतो. पाटे भरल्याने गाडी बसलेली दिसत नाही एवढंच. ब्रेक होते तेवढेच राहतात, आणि गाडी दगडासारखी आपटायला लागते. भरलेले पाटे दिसले तर किंमत कमी करून मागू नका, गाडी सोडूनच द्या.

आता तुम्ही ज्यासाठी हे सगळं करताय तो आराम. इथे माझं मत तुमच्या उपयोगाचं काही अंशीच, कारण गुडघे वहिनींचे आहेत. त्यांना घेऊन जा, आणि मालकासमोर संकोच न करता पुढचं सगळं करून बघा. बाजूच्या दाराची पायरी त्यांना आधाराशिवाय चढता येते का? येत नसेल तर घडीची जादा पायरी आणि उभा दांडा बसवता येतो, फार खर्च नाही. आत सरळ उभं राहता येतं का? वाकून चालण्याने गुडघ्यांआधी कंबर बोलते. पलंग आडवा असेल तर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागतं. पन्नाशीपर्यंत ते चालतं. त्यानंतर दोन बाजूंना दोन लांब पलंग आणि मध्ये वाट, हीच रचना मी सुचवतो, जरी फोटोत ती रेल्वेच्या डब्यासारखी दिसत असली तरी. पलंगाची उंची अशी हवी की कडेवर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. दिवसा सोफा आणि रात्री पलंग हा प्रकार विकताना छान दिसतो. रोज रात्री गाद्या ओढायच्या आणि रोज सकाळी रचायच्या हे तिसऱ्या दिवशी नकोसं होतं, आणि मग लोक हॉटेल शोधतात.

संडासाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण निर्णय बऱ्याचदा त्यावरच ठरतो. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा वीसेक लिटरची सुटी टाकी असलेला पोर्टेबल कमोड असतो. दोघांना दोन दिवस पुरतो, मग टाकी उचलून संडासातच रिकामी करायची, नाल्यात नाही. भरलेली टाकी वीस किलोची. ती कोण उचलणार हे आज ठरवा. दिवसा पेट्रोल पंप आणि ढाबे वापरायचे आणि गाडीतला कमोड फक्त रात्रीसाठी ठेवायचा, असं केलं तर सगळं सोपं जातं. मात्र बाथरूममध्ये बसल्यावर गुडघा दाराला लागत नाही ना, आणि उठताना धरायला काही आहे का, हे वहिनींनी दार लावून बघायचं.

चालत्या गाडीत बसायची जागा हा वेगळा विषय. आडव्या सोफ्यावर बसून प्रवास करायचा नाही. ना तिथे धड पट्टा असतो, ना पाठीला आधार. दोघंही पुढे बसणार असाल तर उत्तमच. नाहीतर चालकामागे, दोन्ही एक्सलच्या मधोमध, पुढे तोंड केलेली आणि पट्टा असलेली एक चांगली खुर्ची हवी. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पुढे इंजिनाची धग पायाला लागते, कव्हरखालचं आच्छादन फाटलेलं असेल तर जास्तच. हे बदलून घेणं सोपं आहे.

रात्रीच्या गारव्याचं गणित मालक सांगेल त्यापेक्षा तुम्हीच करा. ‘सोलर आहे, रात्रभर एसी चालतो’ हे वाक्य मी नेहमी ऐकतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चार ते सहा युनिट खातो. दीडशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे १.८ युनिट, त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर ती वर्षभरात जाते. अशा दोन असल्या तरी हातात पावणेदोन-दोन युनिट. छतावरचं ४०० वॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला दीड ते दोन युनिट देतं, पावसाळ्यात त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे तीनेक तास एसी, मग पंखा. रात्रभर एसी हवा असेल तर भली मोठी लिथियम बॅटरी, जनरेटर किंवा बाहेरून वीज, चौथा मार्ग नाही. बाहेरच्या विजेला मी पसंती देतो. संध्याकाळी एखाद्या होमस्टे किंवा रिसॉर्टच्या आवारात गाडी लावायची, सोळा अँपिअरचा प्लग जोडायचा, विजेचे आणि जागेचे पैसे द्यायचे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून लोकांना हा प्रकार निदान ऐकून माहीत झाला आहे, विचारलं की वेड्यात काढत नाहीत. राजस्थानला डिसेंबर-जानेवारीत गेलात तर एसीचा प्रश्नच नाही, उलट रजया लागतील. एप्रिलच्या कोकणात मात्र पंख्यावर झोप येणार नाही. गाडी घ्यायच्या आधी एकदा भर दुपारी दोन वाजता ती उन्हात उभी असताना आत जा आणि छताला हात लावा. चटका बसला तर आत इन्सुलेशन नावालाच आहे.

गॅसचं एकच सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. सिलिंडर ठेवायच्या कप्प्याला तळाला बाहेर उघडणारी जाळी नसेल, किंवा पलंगाखाली घरचा सिलिंडर कोंबलेला असेल, तर गाडी घेतल्या दिवशी तो बाहेर काढा आणि बाहेरच्या विजेवर छोटी इंडक्शन वापरा. वायरिंगमध्ये प्रत्येक फाट्याला फ्यूज आहे का आणि बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आहे का, हे गाड्यांचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, घरच्या नव्हे.

आता ते मक्खन इंजिन. ट्रॅव्हलर निवडण्यात तुमचं चुकत नाही. शाळेच्या बस, रुग्णवाहिका, टूरच्या गाड्या, सगळीकडे हीच असल्याने देवगडला काय नि जैसलमेरला काय, सुटे भाग आणि माहितीचा मिस्त्री मिळतो. जुनी टाटा विंगर लोक आरामासाठी सुचवतात. ती चालायला कारसारखी आहे, जमीनही खाली आहे, वहिनींना चढायला सोपी पडेल. पण ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नाही, अंगच सगळा भार घेतं. कॅरव्हॅन करताना कुणी खिडक्यांसाठी मनमानी कापाकापी केली असेल तर ताकद तिथेच जाते. न कापलेली, कागद पक्के असलेली विंगर मिळाली तर मी ती जरूर बघेन. मिनीबसच्या मोठ्या चेसिसवरच्या गाड्या दोघांसाठी नकोत. जागा भरपूर, पण पाटे कडक, आवाज फार, आणि कोकणातल्या गावात वळवताना घाम फुटतो. परदेशी मोटरहोमचं स्वप्न असेल तर तेही सोडा. वापरलेली गाडी आयात करायला तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची अशा अटी आहेत, जुन्यासाठी ती वाट बंदच.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल खाते, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलकडे बघावं लागेल. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून भसाभस वाफ येते का बघा. मग घोडबंदर रोडने गायमुख घाटात न्या, रविवारी पहाटे, नाहीतर ट्रॅफिकमध्ये क्लचशिवाय काहीच तपासून होणार नाही. चढावर तापमानाचा काटा बघा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि एकदा मुद्दाम जोरात ब्रेक मारा: गाडी एका बाजूला ओढते का? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर कितीही नक्षीदार असोत, लांबच्या प्रवासाला नकोत. कॅरव्हॅन महिनोन्‌महिने उभ्या असतात, टायर झिजत नाहीत, वयाने मरतात. असे टायर घेऊन समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर मोकळा रस्ता बघून वेग वाढवायचा, याच्याइतका मूर्खपणा नाही. या गाडीचा वेग सत्तर-ऐंशी, आणि दिवसाचं अंतर अडीचशे-तीनशे किलोमीटर. मुंबई-जयपूरला चार दिवस धरा, तरच आराम या शब्दाला अर्थ आहे.

तुमचा दुसरा पर्याय, स्वतः करून घ्यायचा, मला तुमच्यासाठी योग्य वाटत नाही, जरी त्यात माझ्यासारख्यांचा धंदा असला तरी. पिवळ्या पाटीची जुनी गाडी खाजगी करायची, मग तिचा वर्ग कॅरव्हॅनमध्ये बदलायचा, त्यासाठी परवानगी आणि तपासणी, आणि हे सगळं आधीच वय झालेल्या गाडीवर. हौशी तरुणाने हेलपाटे घालावेत. तुम्हाला कागद पूर्ण असलेली, पण आतून थोडी जुनाट दिसणारी तयार गाडी घ्यायला हवी. पडदे, गाद्या, रंग यांचा खर्च किरकोळ, आणि त्या जुनाटपणामुळेच भाव खाली येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: गाडी उभी कुठे करणार? पोडियम पार्किंगमध्ये ती उंचीमुळे जाणार नाही, वर एसी असेल तर नक्कीच नाही. सोसायटीच्या मोकळ्या आवारात लावायची तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या, तोंडी ‘हो हो’ पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं. वसई-विरार किंवा पनवेलकडे महिन्याच्या भाड्याने मोकळी जागा मिळते. पण गाडी दूर असेल तर पंधरा दिवसांतून एकदा जाऊन तासभर चालवायची तयारी हवी. उंदीर वायरी खातात, हा मुंबईतल्या उभ्या गाडीचा सगळ्यात नियमित आजार आहे.

साडेबारा लाखांबद्दल मी आत्ता हो किंवा नाही म्हणणार नाही. वर्ग कॅम्पर व्हॅनचा असेल, छत कोरडं असेल आणि वजन मर्यादेत असेल, तर नवे टायर, नव्या बॅटऱ्या, छताचं सील आणि इथली पुनर्नोंदणी यांचा खर्च मांडून तेवढा भाव खाली मागा. नंतरच्या पहिल्या वर्षासाठी किमतीच्या पाव हिस्सा रक्कम वेगळी काढून ठेवा. वर्गच ‘ओम्नी बस’ निघाला तर बघायलाही जाऊ नका, प्रवासभाडं वाचेल. आणि यातलं काहीही करायच्या आधी अशीच एखादी कॅरव्हॅन चार रात्रींसाठी भाड्याने घेऊन गुहागर-वेळणेश्वर करून या. वहिनी दुसऱ्या रात्री शांत झोपल्या तर मालकाला फोन करा, आणि आरसीचे फोटो व वजनकाट्याची पावती आली की मला दाखवा.